चांदीचा टाका

स्त्रीरोगतज्ज्ञांच्या तपासणी खोलीतल्या ट्रेमध्ये एक स्टीलचे उपकरण हमखास दिसते. इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखे वाकलेले आणि दोन्ही टोकांना बदकाच्या चोचीसारखी पन्हळ असलेले. मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयात ते असते, तसे तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातही असते. तांबी बसवताना, गर्भाशयाचे मुख तपासताना, अंग बाहेर येण्याच्या तक्रारीत ते रोज वापरले जाते. डॉक्टर आणि नर्स त्याला नुसते ‘सिम्स’ म्हणतात. हे एका माणसाचे आडनाव आहे. हे उपकरण त्याच्या हातात पहिल्यांदा आले तेव्हा तो कथलाचा एक साधा चमचा होता, आणि तो ज्या तरुणीच्या तपासणीसाठी वाकवला गेला ती गुलाम होती.

जेम्स मॅरियन सिम्स याचा जन्म २५ जानेवारी १८१३ रोजी अमेरिकेतील साउथ कॅरोलिना राज्यात, लँकेस्टर परगण्यात झाला. वडील फारसे शिकलेले नव्हते, म्हणूनच मुलाने शिकावे असा त्यांचा आग्रह होता. आईला वाटे, मुलगा धर्मोपदेशक व्हावा. वडिलांना वाटे, वकील व्हावा. मुलाने डॉक्टरकी निवडली तेव्हा वडील चांगलेच नाराज झाले. त्या काळी डॉक्टरकीला ना फारशी प्रतिष्ठा होती, ना फारसे शास्त्र. काही महिन्यांची व्याख्याने दोन सत्रांत ऐकली की पदवी मिळे. सिम्सने चार्ल्सटनला आणि मग फिलाडेल्फियातील जेफरसन मेडिकल कॉलेजात शिक्षण घेतले आणि १८३५ मध्ये तो डॉक्टर झाला.

गावी परतून त्याने पाटी लावली. पहिले दोन्ही रुग्ण तान्ही बाळे होती आणि दोन्ही दगावली. सिम्स इतका खचला की त्याने आपली पाटी विहिरीत टाकून दिली आणि गाव सोडले. नशीब काढायला तो पश्चिमेकडे अलाबामा राज्यात गेला. तिथे मलेरियाने त्याला स्वतःलाच मरणाच्या दारात नेऊन आणले. १८३६ मध्ये त्याने थेरेसा जोन्स हिच्याशी लग्न केले आणि १८४० मध्ये माँटगोमेरी या शहरात बस्तान बसवले. तिरळे डोळे, वाकडे पाय, दुभंगलेले ओठ यांच्या शस्त्रक्रियांत त्याचा हात बसला. हाताने तो कुशल होता आणि स्वभावाने हट्टी. एका गोष्टीचा मात्र त्याला मनस्वी कंटाळा होता: स्त्रियांच्या ओटीपोटाचे आजार. असा रुग्ण आला की तो दुसरीकडे पाठवून देई.

माँटगोमेरीभोवती कापसाचे मळे होते आणि ते मळे गुलामांच्या श्रमावर चालत. १८०८ पासून आफ्रिकेतून नवे गुलाम आणण्यास अमेरिकेत कायद्याने बंदी होती. त्यामुळे गुलाम स्त्रीला होणारे मूल ही मालकाच्या मालमत्तेतली भर असे. तिचे बाळंतपण बिघडले तर मालकाचे दुहेरी नुकसान होई, म्हणून तो डॉक्टरला बोलावी. सिम्सच्या दवाखान्यात हे उत्पन्न मोठे होते. त्याच्या स्वतःच्या घरीही गुलाम होते.

१८४५ च्या उन्हाळ्यात त्याला जवळच्या वेस्टकॉट यांच्या मळ्यावर बोलावणे आले. अनार्का नावाची, सुमारे सतरा वर्षांची मुलगी तीन दिवस कळा देत होती. बाळाचे डोके कटीच्या हाडांत अडकले होते. सिम्सने चिमटा लावून बाळ बाहेर काढले. चिमट्याचा त्याला फारसा सराव नव्हता. काही दिवसांनी अनार्काच्या लक्षात आले की लघवी थांबतच नाही. पाठोपाठ शौचावरचा ताबाही गेला.

फिस्टुला म्हटले की आपल्याकडे भगंदर आठवते, पण हा आजार वेगळा. कळा सुरू होऊन दिवसच्या दिवस बाळ पुढे सरकत नाही, तेव्हा त्याचे डोके आईच्या मूत्राशयाला समोरच्या हाडावर दाबून धरते. दाबलेल्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. तिथले मांस मरते आणि काही दिवसांनी गळून पडते. मूत्राशय आणि योनिमार्ग यांच्यामधल्या पातळ भिंतीला भोक पडते. मूत्राशयात लघवी साठतच नाही. दिवसरात्र थेंब थेंब गळत राहते. मांड्यांची कातडी सोलवटते, कपडे आणि अंथरूण ओले राहते, वास येतो. माणसे जवळ बसायची टाळतात. लहानपणापासूनचे कुपोषण, त्यामुळे अरुंद राहिलेली कटी, कोवळ्या वयातले गरोदरपण आणि वेळेवर न मिळालेली मदत ही याची कारणे. मळ्यावरच्या मुलींच्या वाट्याला ही चारही कारणे एकत्र येत.

अनार्कापाठोपाठ त्याच उन्हाळ्यात बेट्सी आली आणि मग लुसी. दोघीही अठराच्या आसपासच्या, दोघीही गुलाम, आणि दोघींनाही तेच भोक. सिम्सने उपलब्ध पुस्तके चाळली आणि आजार असाध्य असल्याचे सांगून टाकले. लुसीला परत पाठवायची तयारीही झाली.

त्याच सुमारास घोड्यावरून पडलेल्या एका गोऱ्या बाईला पाहण्यासाठी त्याला बोलावले गेले. पडल्यामुळे तिचे गर्भाशय मागे कलले होते. विद्यार्थिदशेत ऐकलेली एक युक्ती त्याला आठवली. त्याने तिला गुडघे आणि छाती टेकवून ओणवे केले आणि बोटांनी गर्भाशय जागेवर आणण्याचा प्रयत्न केला. त्या स्थितीत योनिमार्गात हवा शिरली आणि तो फुग्यासारखा फुलला. गर्भाशय आपोआप जागेवर गेले. बाईला बरे वाटले. सिम्सच्या डोक्यात मात्र वेगळाच विचार सुरू झाला. हवेने मार्ग असा उघडत असेल, तर आतले भोक डोळ्यांना दिसू शकेल. घरी परतताना त्याने दुकानातून कथलाचा एक मोठा चमचा घेतला, त्याचा दांडा वाकवला आणि बेट्सीला त्याच स्थितीत बसवून तपासले. आजवर डॉक्टर बोटांनी चाचपडत ज्याचा अंदाज बांधत, ते भोक कडेसकट स्पष्ट दिसत होते. जे दिसते ते शिवता येईल, असे त्याला वाटले.

त्याने घरामागे एक छोटे रुग्णालय उभारले आणि मालकांशी करार केला. बायकांचा खाण्यापिण्याचा आणि उपचाराचा खर्च तो करणार. मालकांनी कपडे द्यायचे आणि त्यांच्यावरचा कर भरायचा. करार झाला तो डॉक्टर आणि मालक यांच्यात. ज्यांच्या शरीरावर शस्त्रक्रिया होणार होती त्यांना कायद्याने होकार देण्याचा अधिकार नव्हता, आणि म्हणून नकाराचाही नव्हता. त्या बायका स्वतःच शस्त्रक्रियेसाठी आतुर होत्या, असे सिम्सने पुढे लिहून ठेवले. रात्रंदिवस लघवीने भिजणाऱ्या मुलीला बरे व्हावेसे वाटले असेल, यात शंका घेण्याचे कारण नाही. पण तिला थांबायचे असते तर थांबता आले असते का, या प्रश्नाचे उत्तर त्या कराराच्या अटींतच आहे. त्या तिघींच्या हातचा एकही शब्द उपलब्ध नाही. आज त्यांच्याविषयी जे माहीत आहे, त्यातले बहुतेक सारे सिम्सच्याच लेखणीतून आले आहे.

पहिली शस्त्रक्रिया लुसीवर झाली. डझनभर डॉक्टर पाहायला जमले होते. ती गुडघ्यांवर ओणवी होती आणि तासभर तशीच राहिली. भूल नव्हती, कारण इथरची भूल जाहीरपणे सिद्ध होण्यास अजून अवकाश होता. भोकाच्या कडा खरवडून रेशमी टाके घातले गेले. लघवी शोषली जावी म्हणून सिम्सने मूत्रमार्गात स्पंजाचा तुकडा बसवला, आणि तीच मोठी चूक ठरली. पाच दिवसांत लुसी तापाने फणफणली. क्षार बसून स्पंज दगडासारखा झाला होता. तो ओढून काढताना तिला असह्य वेदना झाल्या. ती वाचली, पण सावरायला दोन-तीन महिने गेले. भोक लहान झाले होते, बुजले नव्हते.

पुढच्या शस्त्रक्रियेत स्पंजाऐवजी कॅथेटर आला. बेट्सीनंतर अनार्काची पाळी आली. दर वेळी तेच होई. मोठ्या भोकाची जागा दोन-तीन बारीक छिद्रे घेत, आणि लघवी गळायला एक छिद्रही पुरे होते. बाई आठवडाभर पाठीवर निजून राही. वेदना आणि शौच दोन्ही थांबवण्यासाठी तिला अफू दिली जाई. मग टाके काढले जात, आणि पुन्हा अंथरूण ओले. आणखी काही गुलाम स्त्रियाही आणल्या गेल्या. चार वर्षे हे चालले. सुरुवातीला कौतुकाने येणारे डॉक्टर येईनासे झाले, नातेवाईक त्याला नाद सोडून द्यायला सांगू लागले. मदतीला कोणी उरले नाही, तेव्हा त्या बायकाच एकमेकींच्या शस्त्रक्रियेत मदतनीस झाल्या. एकीला धरून ठेवायचे, चमचा पकडायचा, जखम पुसायची हे काम दुसरी करी. पुढच्या वेळी त्यांच्या जागा बदलत. त्या वेळी या शस्त्रक्रियेचा त्यांच्याइतका अनुभव देशात क्वचितच कोणाला असेल.

मधल्या काळात, १६ ऑक्टोबर १८४६ रोजी, बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये इथरच्या भुलीचे प्रात्यक्षिक झाले. वर्षभरात क्लोरोफॉर्मही आले. माँटगोमेरीत मात्र काहीच बदलले नाही. भुलीने माणूस दगावण्याची धास्ती त्या काळी अनेक शल्यविशारदांना होती हे खरे. पण या शस्त्रक्रियेत भूल देण्याइतक्या वेदना होत नाहीत, अशी भूमिका सिम्सने १८५७ मध्येही घेतली. काळ्या माणसांना कमी दुखते, ही समजूत तर त्या समाजात सर्रास होती आणि डॉक्टरही तिला अपवाद नव्हते.

शेवटी अडचण दोन ठिकाणी सापडली: गाठ आणि धागा. खोल जागी रेशमाची गाठ घट्ट बसत नसे. टाक्याची दोन्ही टोके शिशाच्या भोक पाडलेल्या छर्‍यातून ओवून तो चिमट्याने दाबला की गाठीची गरजच राहत नाही, हे सिम्सला एका रात्री सुचले. तरी जखम पिकत राहिली, तेव्हा त्याने धागाच बदलला. सोनाराकडून चांदीची बारीक तार काढून घेतली. १८४९ मध्ये ती तार पहिल्यांदा वापरली गेली अनार्काच्या शरीरात. तिची ही तिसावी शस्त्रक्रिया होती. आठवड्याने तपासले तेव्हा लघवी नितळ होती, टाक्यांभोवती सूज नव्हती, पू नव्हता. भोक बुजले होते. काही आठवड्यांत लुसी आणि बेट्सीही बऱ्या झाल्या.

चांदीने नेमके काय केले, हे तेव्हा सिम्सलाही सांगता आले नसते. जखमेतल्या जंतूंचा विचार लिस्टरने मांडला तो १८६७ मध्ये. आज कारण समजते. पिळाचे रेशीम वातीसारखे ओलावा शोषते आणि त्यात जंतू घर करतात. गुळगुळीत तारेत त्यांना थारा नसतो आणि शरीरही तिच्याविरुद्ध फारसे पेटत नाही. त्याच्या जोडीला दोन गोष्टी होत्या: भोक पूर्ण उघडून नीट पाहणे, आणि जखम भरेपर्यंत कॅथेटरने मूत्राशय रिकामे ठेवणे. फिस्टुलाच्या शस्त्रक्रियेचे हे नियम आजही बदललेले नाहीत.

अशा यशाचा धनी एकटा सिम्स नव्हता. व्हर्जिनियातील जॉन पीटर मेटाॅवर या शल्यविशारदाने १८३८ मध्येच शिशाच्या तारेने असे भोक बुजवले होते. पण सिम्सची पद्धत इतरांना शिकता येण्यासारखी होती आणि तो ती जगापुढे मांडण्यात तरबेज होता. १८५२ मध्ये एका प्रतिष्ठित अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात त्याचा निबंध छापून आला. त्यानंतर हा आजार असाध्य राहिला नाही.

जुन्या पोटाच्या विकाराने हैराण झालेला सिम्स १८५३ मध्ये हवापालटासाठी न्यूयॉर्कला गेला. मे १८५५ मध्ये तिथल्या प्रतिष्ठित स्त्रियांच्या पाठबळावर त्याने खास स्त्रियांसाठी तीस खाटांचे ‘वुमन्स हॉस्पिटल’ सुरू केले. खाटा लगेच भरल्या. त्यात पुष्कळशा गरीब आयरिश स्थलांतरित बायका होत्या. वर्षानुवर्षे घराच्या कोपऱ्यात बसून राहिलेल्या स्त्रिया कोरड्या कपड्यांनी घरी जाऊ लागल्या. हे कामही सिम्सचेच, आणि ते छोटे नव्हते.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेचा पक्ष घेणारा सिम्स युरोपला निघून गेला. पॅरिसच्या नामवंत शल्यविशारदांपुढे त्याने प्रात्यक्षिके केली आणि त्याचे नाव झाले. राजघराण्यांतून बोलावणी आली. फ्रान्सची सम्राज्ञी यूजेनी ही त्याच्या रुग्णांपैकी एक. १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात त्याने सेदानच्या रणभूमीजवळ जखमींची सेवा करणाऱ्या पथकाचे नेतृत्व केले. १८७४ मध्ये त्याचे न्यूयॉर्कच्या रुग्णालयाच्या मंडळाशी बिनसले. शस्त्रक्रिया पाहायला पंधरापेक्षा जास्त लोक नकोत आणि कर्करोगाच्या स्त्रिया दाखल करू नयेत, असे मंडळाचे म्हणणे होते. सिम्सने राजीनामा दिला. कर्करोगाच्या रुग्णांना दारातून परत पाठवू नये, यासाठी त्याने पुढेही आग्रह धरला, आणि त्यातूनच न्यूयॉर्कमध्ये स्वतंत्र कर्करोग रुग्णालय उभे राहिले. प्रेक्षकांच्या संख्येबाबत मात्र मंडळाचे म्हणणे चुकीचे नव्हते. उघड्या शरीराभोवती किती परके पुरुष उभे राहावेत, हा प्रश्न लुसीच्या वेळी कोणी विचारलाच नव्हता.

१८७६ मध्ये सिम्स अमेरिकन मेडिकल असोसिएशनचा अध्यक्ष झाला. १३ नोव्हेंबर १८८३ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्याचे निधन झाले. पुढच्याच वर्षी त्याचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले आणि १८९४ मध्ये शहरात त्याचा पुतळा उभा राहिला. आधुनिक स्त्रीरोगशास्त्राचा जनक ही ओळख पाठ्यपुस्तकांत कायम झाली. अनार्का, बेट्सी आणि लुसी यांची नावे त्याच्याच आत्मचरित्रात होती, पण शंभर वर्षे ती कोणी फारशी वाचली नाहीत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इतिहासकारांनी त्या पानांकडे नव्याने पाहिले. १७ एप्रिल २०१८ रोजी न्यूयॉर्क शहराने सेंट्रल पार्कजवळचा तो पुतळा हलवला. २०२१ मध्ये माँटगोमेरीत, टाकाऊ धातूच्या तुकड्यांतून घडवलेल्या तीन स्त्रियांच्या उंच मूर्ती उभ्या राहिल्या. त्या या तिघींच्या आहेत.

बाळंतपणे रुग्णालयात होऊ लागली आणि अडलेल्या बाईला वेळेवर सिझेरियन मिळू लागले, तसा प्रसूतीतला फिस्टुला मागे हटला. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी ५० हजार ते १ लाख स्त्रियांना तो होतो. बहुतेक वेळा लघवी गळण्याचे कारण मात्र वेगळे असते. भोक पडलेले नसते, तर मूत्रमार्गाला खालून आधार देणारे स्नायू आणि पडदे सैल झालेले असतात. खोकताना, शिंकताना, हसताना, पाण्याची कळशी उचलताना लघवी निसटते. या आजारासाठी शंभरेक वर्षे पोट किंवा योनिमार्ग उघडून शस्त्रक्रिया होत आल्या. काहींचा गुण काही वर्षांनी ओसरे आणि बाई पुन्हा दवाखान्यात येई.

१९९६ मध्ये स्वीडनमधील उप्सालाचे डॉक्टर उल्फ उल्मस्टेन यांनी एक सोपी शस्त्रक्रिया मांडली. ऑस्ट्रेलियातील डॉक्टर पीटर पेट्रोस यांच्यासोबत केलेल्या विचारावर ती उभी होती. योनिमार्गात एक छोटा छेद आणि पोटावर दोन बारीक छेद घ्यायचे. त्यातून पॉलिप्रॉपिलीनची जाळीदार फीत मूत्रमार्गाच्या मध्याखाली झोळीसारखी ठेवायची. फीत ताणून बांधायची नाही, नुसती टेकवायची. एरवी ती सैल असते. खोकला आला की आधार देते. ही शस्त्रक्रिया केवळ त्या जागेला भूल देऊन केली जाई. बाई जागी असे. फीत घातल्यावर डॉक्टर तिलाच खोकायला सांगत. थेंब आला तर फीत किंचित सरकवत आणि पुन्हा खोकायला सांगत. शस्त्रक्रिया नीट झाली की नाही, हे रुग्ण स्वतः सांगत होती. लुसीही जागीच होती. पण तिला कोणी काही विचारले नव्हते.

तरीही गोष्ट इथे संपली नाही. कमी चिरफाड, कमी वेळ आणि लवकर घरी यामुळे अशा जाळ्या जगभर झपाट्याने बसवल्या गेल्या. लघवीसाठीच्या अरुंद फितीबरोबरच, खाली सरकलेले अंग उचलून धरण्यासाठी मोठ्या जाळ्याही आल्या. बहुतेक स्त्रियांना फितीचा गुण आला. काहींच्या शरीरात मात्र जाळी उघडी पडली, मांसात रुतली, सतत दुखू लागले, चालणे आणि शरीरसंबंध कठीण झाले. आपल्याला दुखते आहे असे त्या सांगत राहिल्या, आणि हे मनाचे खेळ आहेत असे अनेकींना ऐकून घ्यावे लागले. जुलै २०१८ मध्ये इंग्लंडमध्ये लघवीसाठीच्या जाळीच्या शस्त्रक्रियांना स्थगिती मिळाली. अमेरिकेच्या औषध नियामकाने एप्रिल २०१९ मध्ये अंग खाली येण्यासाठी योनिमार्गातून बसवायच्या जाळ्यांची विक्री थांबवली. २०२० मध्ये इंग्लंडच्या चौकशी समितीने, स्त्रियांच्या तक्रारी वर्षानुवर्षे कानाआड केल्या गेल्या असा निष्कर्ष काढला. लघवीसाठीची अरुंद फीत अनेक देशांत आजही वापरली जाते आणि तिचा उपयोगही होतो. मात्र ती बसवण्याआधी धोके सांगणे आता टाळता येत नाही.

लघवी गळते हे वयाचे भोग समजून पदर सावरत दिवस काढण्याची गरज नाही. पहिला उपाय शस्त्रक्रिया नसतो. कटीच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम नीट शिकून तीन महिने नेमाने केले, वजन आणि जुना खोकला आटोक्यात आणला, तर अनेकींना पुरेसा फरक पडतो. शस्त्रक्रियेनंतर गळती परत सुरू झाली, तर तो त्या बाईचा दोष नसतो आणि ते पहिल्या डॉक्टरपासून लपवण्यासारखेही नसते. आधी कारण शोधावे लागते. फीत सैल बसली, की जागा चुकली? मूत्रमार्गाची झडप कमजोर झाली आहे का? की आता घाईची लघवी हा वेगळाच त्रास आहे, ज्यावर औषधे लागतात? त्यासाठी लघवीची तपासणी, दोन-तीन दिवसांची नोंदवही, खोकल्याची चाचणी, मूत्राशयातील दाबाची तपासणी आणि गरज पडल्यास दुर्बिणीने आत पाहणे हा क्रम असतो. मग पर्याय निघतात: दुसरी फीत, स्वतःच्याच पोटाच्या किंवा मांडीच्या चिवट पडद्यातून काढलेली पट्टी, दुर्बिणीतून घातलेले टाके, किंवा मूत्रमार्गाच्या कडेला फुगवटा आणणारे इंजेक्शन. इंजेक्शन सर्वांत सौम्य असते, पण त्याचा गुण कमी टिकतो आणि ते पुन्हा घ्यावे लागू शकते. दुसऱ्या शस्त्रक्रियेचे यश पहिलीपेक्षा कमी असण्याची शक्यता असते. हेही आधी कळायला हवे.

म्हणून सही करण्याआधी काही प्रश्न विचारावेत. आत काही कायमचे बसवणार आहात का? ते काय आहे? त्रास झाला तर ते काढता येते का, आणि कोण काढते? ही शस्त्रक्रिया तुम्ही किती वेळा केली आहे? न केल्यास काय होईल? संमतिपत्र समजेल अशा मराठीत मागावे, घरी नेऊन वाचावे, आणि पटले नाही तर सही न करता परत द्यावे.